चालायला काहीतरी काम हवं : अमेरिकेतल्या आजी-आजोबांसाठी लेटरबॉक्सिंग



मार्च-एप्रिल उजाडला की माझ्या ओपीडीत एका ठराविक प्रकारच्या पेशंटची गर्दी सुरू होते. "मॅडम, लेकाकडे चाललोय, सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या." सोबत जुन्या रिपोर्टची फाईल, इन्शुरन्सचा फॉर्म आणि तिकडे पित्ताच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात का ही चौकशी. मी गोळ्या लिहून देते, जनेरिक नावं मोठ्या अक्षरात लिहिते, गोळ्या हँडबॅगेत ठेवायला सांगते आणि शेवटी न चुकता म्हणते, "तिकडे रोज चाला हं."

दिवाळीच्या सुमाराला ही मंडळी परत येतात. वजन तीन-चार किलोंनी वाढलेलं, एचबीए१सी वर सरकलेली आणि चेहऱ्यावर एक प्रकारचं मळभ. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "मुलं फार करतात हो आमचं, पण दिवस जाता जात नाही." इथे सकाळी दूध आणायला खाली उतरणं, भाजीवाल्याशी घासाघीस, बँकेत पासबुक भरून आणणं, देवळात जाणं, कट्ट्यावर बसणं यात नकळत तीन-चार हजार पावलं होऊन जातात. तिकडे उपनगरातल्या घरातून बाहेर पडायचं तर गाडी हवी, आणि ती चालवता येत नाही. मग सोफा, टीव्हीवर इकडच्याच मालिका, आणि संध्याकाळी सूनबाई घरी आली की तिला मदत. "चालायला का नाही गेलात?" तर म्हणतात, "जायचं कुठे?"

हा प्रश्न वरवर आळशी वाटतो. तो तसा नाही, आणि आजचा लेख या प्रश्नाबद्दलच आहे.

माझ्या एक जुन्या पेशंट आहेत. वय ६८, निवृत्त शिक्षिका, पंधरा वर्षांचा डायबिटीस, गुडघे कुरकुरणारे. मुलगा ओरेगॉन राज्यात, पोर्टलंडला लागून असलेल्या बीव्हर्टन गावात. त्या भागात संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कंपन्यांमुळे आपली बरीच मराठी कुटुंबं आहेत. आधीच्या दोन खेपांना या बाई मळभ घेऊनच परत आल्या होत्या. गेल्या खेपेनंतर आल्या त्या रिपोर्टच्या आधी पर्समधून एक छोटी वही काढून. वहीत पानोपानी शाईचे शिक्के : एक बगळा, एक बीव्हर, एक गोगलगाय, एक पावसात उघडलेली छत्री. प्रत्येकाखाली तारीख आणि नातवाच्या वेड्यावाकड्या देवनागरीत जागेचं नाव.

"हे काय?" म्हटलं, तर म्हणाल्या, "लेटरबॉक्सिंग. आम्ही दोघं चिठ्ठ्या शोधत हिंडायचो."

हा काय प्रकार आहे?

नावावरून टपालपेटी डोळ्यांसमोर येते, आणि मूळ खरंच टपालाशी जोडलेलं आहे. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचं ओसाड, दलदलीचं पठार आहे. १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने तिथल्या क्रॅनमिअर पूल या आडबाजूच्या जागी एक बाटली ठेवली. तिथवर पायपीट करून पोचणाऱ्याने आपलं व्हिजिटिंग कार्ड त्यात टाकायचं. पुढे लोक स्वतःचा पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं ठेवू लागले, आणि नंतर येणारा पांथस्थ ती उचलून पोस्टात टाकायचा. आपलं कार्ड किती दिवसांनी घरी येतं, याची गंमत. हळूहळू वही आली, रबरी शिक्का आला आणि १९८०च्या दशकात डार्टमूरवर अशा डब्यांचं पेवच फुटलं. अमेरिकेत हा छंद पसरला तो १९९८मध्ये 'स्मिथसोनियन' मासिकात आलेल्या एका लेखानंतर.

आजची पद्धत सोपी आहे. कोणीतरी एक जलरोधक छोटी डबी पायवाटेजवळ दडवून ठेवतं. डबीत एक वही आणि बहुधा हाताने कोरलेला एक शिक्का. ती कशी शोधायची याचं कोडं इंटरनेटवर किंवा ओळखीपाळखीतून मिळतं : अमुक पुलापासून सुरुवात करा, दुभंगलेल्या झाडाकडे तोंड करा, तीस पावलं चाला, पूर्वेकडच्या ओंडक्याखाली बघा. डबी सापडली की तिच्यातला शिक्का आपल्या वहीत उठवायचा, आपला स्वतःचा शिक्का तिच्या वहीत उठवायचा, आणि डबी होती तशी, होती तिथे ठेवून द्यायची. बक्षीस नाही, गुण नाहीत, पहिला नंबर नाही. आपल्या शिबिरांत 'खजिना शोध' असतो ना, त्यातला खजिना काढून टाकला की जे उरतं ते लेटरबॉक्सिंग.

याचा एक धाकटा भाऊ आहे, जिओकॅशिंग. २ मे २००० रोजी अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसवरचा मुद्दाम ठेवलेला धूसरपणा काढून टाकला आणि दुसऱ्याच दिवशी एका माणसाने एक बादली रानात लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. ती जागाही ओरेगॉनमधलीच, पोर्टलंडपासून फार लांब नाही. जिओकॅशिंगची मंडळी संख्येने कितीतरी जास्त आहेत. पण डॉक्टर म्हणून माझं मत थोरल्या भावाच्या बाजूने आहे. फोन हातात धरून बाणाच्या मागे चालताना नजर पडद्यावर राहते. कोड्याच्या मागे चालताना नजर झाडावर, ओढ्यावर आणि पायाखाली ठेवावीच लागते. साठीनंतर पायाखाली नजर असणं ही फार मोलाची गोष्ट आहे.

बाईंच्या मुलाच्या घरापासून जवळच फॅनो क्रीक नावाच्या ओढ्याच्या काठाने एक पायवाट जाते. बीव्हर्टन, टायगार्ड अशा गावांमधून, घरांच्या मागून, रस्त्यांखालून. बहुतेक ठिकाणी डांबरी, सपाट, अधूनमधून लाकडी पूल. घनदाट जंगल नव्हे, शहराच्या पोटातून जाणारी हिरवी पट्टी. म्हणजे गुडघेवाल्या माणसाला झेपेल अशी, आणि तरीही बगळे, बदकं आणि बीव्हरने कुरतडलेले बुंधे दिसतील अशी. तिथल्या एका डबीचं कोडं नातवाच्या शाळेतल्या मित्राने आणलं. नातू आठ वर्षांचा. त्याला इंग्रजी कोडं वाचता यायचं, पण झाडं ओळखता यायची नाहीत. आजीला त्या इंग्रजीतल्या कोट्या कळायच्या नाहीत, पण दिशा पक्क्या ठाऊक. सूर्य कुठे आहे त्यावरून पूर्व-पश्चिम सांगणारी पिढी ती! पहिली डबी सापडायला तीन संध्याकाळी गेल्या. "तीन दिवस आम्ही एकाच ओढ्यावर घिरट्या घातल्या मॅडम, आणि माझ्या लक्षातच आलं नाही की मी चालतेय."

हे वाक्य मी माझ्या डायरीत लिहून ठेवलं आहे.

'रोज चाला' हे औषध लागू का पडत नाही

आम्ही डॉक्टर चालण्याचा सल्ला गोळीसारखा देतो : दिवसातून एकदा, जेवणानंतर, चाळीस मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम करावा. आकडा बरोबर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण माणूस आकड्यासाठी चालत नाही. हजारो वर्षं माणूस पाण्यासाठी, सरपणासाठी, बाजारासाठी, भेटीसाठी चालला. आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालणाऱ्या सत्तर वर्षांच्या वारकऱ्याला तुम्ही सांगा, "विठोबा नाही, देऊळ नाही, पण आरोग्याला चांगलं म्हणून तेवढंच अंतर गच्चीवर फेऱ्या मारून पुरं करा." तो तुम्हाला वेड्यात काढेल, आणि ते योग्यच होईल.

व्यायामाच्या संशोधनाची सुरुवातही कामासाठी चालणाऱ्यांपासूनच झाली आहे. १९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने लंडनच्या बसमधल्या ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. दुमजली बसचे जिने दिवसभर चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांना बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी आढळला. त्यातला एकही कंडक्टर 'व्यायाम' म्हणून जिने चढत नव्हता. तिकिटं फाडायची होती, म्हणून चढत होता.

आता दहा हजार पावलांबद्दल. हातातल्या घड्याळाने या आकड्याची धास्ती घातली आहे म्हणून सांगते. हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याचं नावच ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. नाव चांगलं होतं, चिकटलं. २०१९मध्ये अमेरिकेतल्या सुमारे सतरा हजार वयस्क महिलांचा, सरासरी वय ७२, एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्या गटापेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्या गटात पुढच्या चारेक वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या आसपास फायद्याची रेघ सपाट झाली. अर्थात यात एक मेख आहे : ज्यांची प्रकृती मुळात बरी, त्याच जास्त चालतात. तरीही मला जे सांगायचंय त्याला हे पुरेसं आहे. सोफ्यावरून उठून ओढ्यापर्यंत जाऊन येणं, एवढ्यानेही फरक पडण्याच्या टापूत तुम्ही पोचता.

मग लोक म्हणतील, निमित्तच हवं तर फोनवरचा खेळ काय वाईट? २०१६मध्ये 'पोकेमॉन गो' नावाचा खेळ आला आणि जगभर तरुण पोरं काल्पनिक प्राणी पकडायला रस्त्यावर उतरली. अमेरिकेत त्याचा अभ्यास झाला. पहिल्या आठवड्यात खेळणाऱ्यांची रोजची पावलं सरासरी ९५५ने वाढली. सहाव्या आठवड्यात ती वाढ जवळपास संपलेली होती. नव्याचे नऊ दिवस!

लेटरबॉक्सिंगचंही असंच होणार नाही कशावरून? होईल, काहींचं नक्की होईल. पण मला एक फरक दिसतो. खेळातले गुण बाहेरून मिळतात. १९७३ सालचा एक जुना प्रयोग आहे. चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना आधी बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली, तर नंतर मोकळ्या वेळात ती मुलं चित्रांकडे कमी वळली. बक्षिसाने आवडीचं रूपांतर हमालीत केलं. शिक्क्याच्या वहीत बक्षीस नाही. ती वही म्हणजे तुमच्याच पायांची रोजनिशी असते. शिवाय डबी कुणीतरी हाताने केलेली असते, आणि आधीच्या माणसाचा शिक्का त्यात असतो. आपल्या आधी इथे कोणी आलं होतं, आपल्या नंतर कोणी येईल. परक्या देशात, जिथे शेजाऱ्याचं नाव ठाऊक नसतं, तिथे ही जाणीव लहानसहान नाही. एकटेपणाने रक्तदाबही वाढतो आणि भूकही मरते, नाहीतर नको तितकी वाढते, हे मी रोज बघते.

मेंदूचं काय?

पेशंटचा आवडता प्रश्न : "मॅडम, स्मरणशक्तीसाठी एखादी गोळी?" तशी गोळी नाही. मेंदूत कानाच्या वरच्या बाजूला आत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नवीन आठवणी साठवणं आणि वाटा लक्षात ठेवणं, ही दोन्ही कामं त्याच्याकडे. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी शहरातले हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. २०११मध्ये १२० वयस्कर मंडळींवर प्रयोग झाला. एका गटाला वर्षभर आठवड्यातून तीन दिवस चालायला लावलं, दुसऱ्याला नुसतं अंग ताणायला. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटाचा थोडा आकसला.

हे अभ्यास टॅक्सीवाल्यांचे आणि चालणाऱ्यांचे आहेत, लेटरबॉक्सिंगचे नव्हेत. म्हणून "शिक्के जमवा, विसरभोळेपणा घालवा" असं कोणी तुमच्या ग्रुपवर पाठवलं तर ते माझ्या नावावर खपवू नका. पण चालणं आणि वाट शोधणं या दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी घडत असतील, तर गच्चीवरच्या चाळीस फेऱ्यांपेक्षा मी त्याला झुकतं माप देईन. गच्चीवर हरवायची सोयच नसते!

नातवाचा फायदा तर पुराव्यासकट सांगता येतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज चाळीस मिनिटं जास्त बाहेर ठेवलं. तीन वर्षांत त्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना चष्म्याचा मायनस नंबर लागला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्क्यांना. बाहेरचा उजेड डोळ्यांना हवाच असतो. आजीचं चालणं आणि नातवाचा उजेड एकाच फेरीत होत असेल तर सूनबाईही खूश.

आता डॉक्टर म्हणून थोडं पाल्हाळ

ही नेहमीची 'काळजी घ्या' यादी नाही. लेटरबॉक्सिंगमध्ये माणूस वाकतो, ओंडक्याखाली डोकावतो, पोकळीत हात घालतो. यातून होणारे त्रास साध्या चालण्यापेक्षा वेगळे आहेत.

पहिलं वाकण्याचं. रक्तदाबाच्या काही गोळ्या, आणि प्रोस्टेटसाठी पुरुष घेतात ती टॅमसुलोसिनसारखी औषधं, यांनी वाकून झटकन उभं राहिल्यावर रक्तदाब एकदम उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. डबी सापडल्याच्या आनंदात माणूस हमखास झटकन उठतो. तेव्हा आधी ओंडक्याला धरा, दोन श्वास घ्या, मग उठा. खरं तर वाकायचं काम नातवाला द्या. दुसरं, प्रोग्रेसिव्ह चष्मा. त्याचा खालचा भाग वाचायचा असतो, त्यामुळे उतारावर पायाखालची जमीन धूसर दिसते. पोर्टलंडकडे ऑक्टोबरनंतर पाऊस आणि ओली पानं, म्हणजे घसरगुंडीच. अशा वेळी मान खाली वाकवून बघा, नुसते डोळे वळवून नको.

ओरेगॉनमध्ये पॉयझन ओक नावाची झुडपं असतात, एका देठावर तीन-तीन पानं. पान लागलं की एक-दोन दिवसांनी खाज, लाली, पाण्याचे फोड. कोकणातल्या आणि विदर्भातल्या वाचकांना हे एका शब्दात कळेल : बिब्बा उतणे. बिब्बा, काजूच्या टरफलाचं तेल आणि पॉयझन ओक ही एकाच कुळातली भावंडं आहेत आणि त्यांचं तेल त्वचेला एकाच पद्धतीने चिडवतं. ज्यांना इकडे बिब्बा उततो त्यांनी तिकडे जास्त जपावं. झुडपाला हात लागल्याची शंका आली तर लगेच, अगदी काही मिनिटांत, साबण आणि भरपूर पाण्याने धुवा. कपडेही धुवा, तेल कपड्यावर टिकून राहतं. चेहरा सुजला किंवा फोड पसरले तर डॉक्टर गाठा, घरगुती लेप नकोत.

तिथल्या पाणथळ जागी रफ-स्किन्ड न्यूट नावाचा पालीसारखा दिसणारा एक उभयचर प्राणी असतो, वरून तपकिरी, पोट नारिंगी. मुलांना तो उचलावासा वाटतो. त्याच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन हे जहाल विष असतं, पफर माशात असतं तेच. १९७९मध्ये ओरेगॉनमध्ये एका तरुणाने पैजेवर तो गिळला आणि काही तासांत जीव गमावला. नुसता बघायला काही हरकत नाही. हात लागलाच तर धुवा, डोळ्यांना-तोंडाला लावू नका. उन्हाळ्याच्या अखेरीला जमिनीतल्या बिळांत गांधीलमाश्यांची पोळी असतात, म्हणून पोकळीत आधी काठी, मग डोळे, मग हात.

डायबिटीसवाल्यांनी बंद बूट आणि मोजे घालावेत, चपला नकोत. घरी आल्यावर तळपाय बघा, दिसत नसेल तर आरसा धरा. तिकडे ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या सगळीकडे माजलेल्या असतात. ज्या पायाला संवेदना कमी त्याला काटा बोचलेला कळत नाही आणि आठवड्याने पू होतो तेव्हा कळतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेत असाल तर खिशात साखरेची पुडी किंवा गोळ्या हव्यातच. 'अजून एक वळण, मग डबी' असं म्हणता म्हणता जेवणाची वेळ टळते आणि साखर खाली येते. चालताना छातीत जडपणा येत असेल किंवा ठराविक अंतरावर पोटरीत कळ येऊन थांबल्यावर जात असेल, तर छंद बाजूला ठेवून आधी तपासणी. हृदयाची किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांची ती सूचना असते.

आणि एक गोष्ट आमची मंडळी लाजेने सांगत नाहीत : वारंवार लघवीला जावं लागतं म्हणून चालायला जात नाहीत. बागेत स्वच्छतागृह कुठे आहे ते मुलाला आधीच शोधून ठेवायला सांगा. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळच्या फेरीनंतर घेता येईल का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. स्वतःच वेळ बदलू नका.

हे आपल्याकडे होईल का?

हा लेख वाचून कोणी उत्साहाने वेताळ टेकडीवर डब्या लपवायला निघणार असेल, तर जरा थांबा. आपल्याकडे स्टेशनवर, बसमध्ये, मॉलमध्ये दिवसभर कानीकपाळी ओरडून सांगतात की बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा. ते बरोबरच आहे. बागेत झुडपाखाली प्लास्टिकचा बंद डबा दिसला तर लोकांनी घाबरावं, हीच आपली शिकवण आहे. आणि आपल्या टेकड्यांवरच्या दगडांच्या कपारीत घोणस, फुरसं, नाग राहतात. कपारीत हात घालायचा खेळ मी माझ्या पेशंटना कधीच सुचवणार नाही. पावसाळ्यानंतर गवतात स्क्रब टायफसच्या किटाण्याही असतात, अंगावर काळी खपली आणि ताप म्हणजे लगेच दवाखाना.

पण लपवणं हा या खेळाचा आत्मा नाही, असं माझं मत आहे. आत्मा शिक्क्यात आणि पोचण्यात आहे. जपानमध्ये अनेक रेल्वे स्टेशनांवर उघड्यावर शिक्का ठेवलेला असतो, प्रवासी वहीत उठवून घेतात. आपल्याकडेही नर्मदा परिक्रमा करणारे परिक्रमावासी वाटेतल्या आश्रमांतून आपल्या वहीत शिक्के घेत जातात, घरी आणून जपून ठेवतात. ती वही दाखवताना त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. डार्टमूरच्या वाटाड्याला ज्या माणसाची नस सापडली तोच हा माणूस.

मग एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघाने, परवानगी घेऊन, उघडपणे हे करायला काय हरकत आहे? मुंबईत धारावी-माहीमला महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सदतीस एकर, एकेकाळच्या कचराभूमीवर उभं केलेलं, १९९४पासून लोकांसाठी खुलं. अशा जागी, किंवा तुमच्या गावच्या बागेत, शिक्का झुडपाखाली न ठेवता माळीकाकांकडे, वाचनालयाच्या खिडकीत, चहाच्या टपरीवर ठेवा. कोडं असं घाला की उत्तर म्हणून झाड ओळखावं लागेल : "ज्याच्या शेंगा लहानपणी तलवार म्हणून खेळलात त्या झाडापासून डावीकडे." गुलमोहर ओळखणारे आजोबा आणि पळत सुटणारी नात, दोघांचंही काम झालं. यासाठी महापालिकेने लाखोंची 'ओपन जिम' उभारायची वाट बघायला नको. ती गंजते, तिच्यावर कपडे वाळत पडतात.

शिक्का करायलाही पैसे लागत नाहीत. शाळेत भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे केलेत ना, तेच. बाईंनी पहिला शिक्का भेंडीचाच केला होता. तिकडच्या इंडियन स्टोअरमधली भेंडी, आडवी कापून. पाच पाकळ्यांचं फूल उठतं. दोन दिवसांत ती सुकली, मग त्यांनी मोठ्या खोडरबरावर तेच फूल कोरलं. आज ओढ्याकाठच्या काही वह्यांत आमच्या पेशंटची भेंडी उमटलेली आहे आणि ते कसलं फूल म्हणून तिकडची मंडळी डोकं खाजवत असतील.

खोडरबर कोरायला ब्लेड लागतं. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी कुठली गोळी चालू असेल, तर ते काम मुलाकडून करून घ्या. कापलंच तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं न सोडता दाबून धरा. दर मिनिटाला उचलून "थांबलं का?" बघू नका, त्याने थांबत आलेलं रक्त पुन्हा सुरू होतं.